हवापालट नेमका कोणाला

कॉव्हेंट्रीतल्या हॉस्पिटलात छातीच्या रोगांचे डॉक्टर म्हणून एकतीस वर्षं काढून पद्माकर निवृत्त झाले, तेव्हा येताना संशय तेवढा घरी घेऊन आले. पोस्टमन हसला तरी ते कारण शोधत. त्यामुळे मुलगी कस्तुरी ब्रिस्टलहून फोनवर म्हणाली, "बाबा, जूनमध्ये आपण तिघं बाल्टिकमधल्या एका जर्मन बेटावर जातोय. यू नीड हवापालट," तेव्हा ते सावध झाले. इंग्रजीतल्या ‘यू’मध्ये माणूस एक की दोन, ते कळत नाही.

हवापालट हा तर त्यांच्या धंद्यातला शब्द. मिरजेला शिकत असताना त्यांचे सर, उपाय संपले की नातेवाइकांना व्हरांड्यात बोलावून तोच सांगत. बऱ्या होणाऱ्या माणसाला कोणी हवापालट सांगत नाही, गोळ्या सांगतात.

वसंतात पत्नी सुप्रभाला महिनाभर खोकला होता. स्कॅन झाला. "नॉर्मल आहे," असं तिने पत्र वाचून सांगितलं. पत्र मागितलं, तर ते रिसायकलिंगमध्ये गेलं म्हणे.

उझेडोम बेटावर पोचल्यावर संशय बळावला. हॉटेलात प्रत्येकाला ‘कुरकार्टे’ नावाचं कार्ड मिळालं. बाहेर कुरपार्क, पलीकडे कुरहाउस.

"कुर म्हणजे काय?" त्यांनी काउंटरवर विचारलं.

"क्युअर," काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली.

बाकी गाव देखणं होतं. पांढऱ्या बाल्कन्यांचे बंगले, समुद्रात लांबवर गेलेला लाकडी पियर. पद्माकरांना ते गाव आइस्क्रीम मिळणारा वॉर्ड वाटलं.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर वेताच्या, छप्पर असलेल्या जोडखुर्चीत दोघं बसली होती. कस्तुरी पाण्यात होती. सुप्रभा एकदा खोकली.

"पाठ कर इकडे."

"अहो, लोक बघताहेत."

"त्यांनी स्वतः कपडे घातलेले नाहीत. खोल श्वास घे."

त्यांनी तिच्या पाठीला कान लावला. डावीकडे स्वच्छ. उजवीकडे स्वच्छ. पुन्हा ऐकलं.

"ते पत्र कुठंय? खरं सांग."

सुप्रभा वळली. "माझं पत्र? आजारी तर तुम्ही आहात ना?"

"कोण म्हणालं?"

"कस्तुरी. बाबांना हवापालट पाहिजे, म्हणाली. महिनाभर मी तुमच्या कोटाचे खिसे तपासतेय."

कस्तुरी निथळत आली, तसे दोघांनी तिला एकदमच धारेवर धरलं. ती बिचारी एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत राहिली.

"हॉलिडेला मराठीत हवापालट म्हणतात ना? सॅटर्डे क्लासला मंजिरीकाकूंनी शिकवलं. माझा चूक झाला का?"

पद्माकरांनी एरवी तिथल्या तिथे ‘माझा’चं ‘माझी’ केलं असतं. पण इतकी निरागस स्पष्टीकरणं नातेवाईक आधीच ठरवून ठेवतात, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. काही त्यांनीच ठरवून दिली होती.

"हिची फुप्फुसं ठीक आहेत," त्यांनी जाहीर केलं.

"आणि तुमची?" सुप्रभाने विचारलं.

स्वतःच्या पाठीला स्वतःचा कान पोचत नाही. ते निमूट वळले आणि शर्ट वर केला. आयुष्य कौन्सिलच्या ग्रंथालयात गेलेल्या सुप्रभाने कान टेकला. काय ऐकायचं असतं, ते तिला माहीत नव्हतं. त्यामुळे थांबायचं कधी, तेही नव्हतं.

"काही ऐकू येतंय?"

"बोलू नका. मोजणी चुकते."