आक्कांनी चावलेलं पान

शिवलीलाआक्का कधी कुणाच्याही घरी दार वाजवून गेल्या नाहीत. उंबऱ्यावरूनच "हाय का कोण घरात?" असं ओरडायच्या आणि उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात पोचलेल्या असायच्या. निपाणीकडच्या तंबाखूच्या शेतात वाढलेल्या, लग्न होऊन उचगावात आमच्या शेजारी आलेल्या. बोलणं आमच्याकडच्या बायकांच्या रीतीनं पुरुषी, "मी येतो, मी जातो." समोरच्याचं चुकलं तर त्याची खैर नाही. मला त्यांचा भारी राग यायचा आणि दोन दिवस दिसल्या नाहीत की करमायचं नाही.

दोन घरांच्या मधल्या कुंपणावर त्यांनी घेवडा चढवला होता. शेंगांची पहिली ओंजळ आमच्याकडं यायची. "शिजवून खा गं, कच्चा दाणा पोटाला बाधतोय," हे दरवेळी ठणकावून सांगणं. त्या वेलाखाली आमची मांजर, मनी, लोळत असे. सासूबाई गेल्यापासून मामंजी माणसांशी जेमतेम बोलत, मनीशी मात्र तासन् तास. ती ताटाशी येऊन बसल्याशिवाय ते घास उचलत नसत.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. एका सकाळी मनी वेलाची पानं खाऊन आली आणि ओकायला लागली. तोंडातून लाळ, पाय लटपटलेले, अंग थरथरतंय. मामंजींनी विळा उचलला आणि थेट कुंपण गाठलं.

"ह्यो येल विषारी हाय. माझं मांजर घालवलं ह्यानं."

आक्का विळ्याच्या आड उभ्या राहिल्या. "अण्णा, घेवड्याच्या पानानं मांजर मरतंय व्हय? आमच्या म्हायारात मांजरं ह्याच येलात झोपत्यात."

मामंजी नुसतं "बाजूला व्हा" म्हणाले. मला जास्त भीती मांजराच्या जिवाची वाटत होती की त्या विळ्याची, देव जाणे.

"थांबा, मी खाऊन दावतो," म्हणत आक्कांनी पान तोडून तोंडात टाकलं. दोनदा चावलं आणि थांबल्या. तोंडावरचा रंगच उतरला. पान थुंकून त्या म्हणाल्या, "तंबाखू हाय."

मग त्या मामंजींकडं वळल्या.

"येलावर माव्याची कीड पडलीय म्हणून काल सांजच्याला तंबाखूचं पाणी मारलंय मी, इसरलोच होतो. म्हायारात मारत्यात तसं. येलाचा दोष न्हाय अण्णा. मी केलंय हे."

मामंजींनी विळा खाली ठेवला नाही. आक्काच पुढं झाल्या, मनीला पदरात गुंडाळलं आणि माझ्यावर खेकसल्या, "रिक्षा बघ की गं, तोंड काय बघत बसलीस."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारायच्या आत त्यांनी सगळं सांगितलं, तंबाखू किती भिजत घातला होता तेसुद्धा. डॉक्टर म्हणाले, घेवड्याच्या पानांनी सहसा मांजराला काही होत नाही, फार तर कच्च्या दाण्यांनी पोट बिघडतं. हे काम तंबाखूचं. कारण कळलं म्हणून वेळेत नेमका इलाज करता आला. सलाइन लावली. बाकावर मामंजी आणि आक्का दुपारपर्यंत शेजारी शेजारी बसून होते. मनीनं मान उचलली तेव्हा मामंजींनी टोपी काढून डोळे पुसले.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. एकदा मी त्यांना विचारलंच होतं, तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मांजराला बोलता येत न्हाय. मला तर येतंय की."