बावीस पट्ट्यांचा झगा

आमच्या आत्याला कुणी ‘ड्रेसवाली’ म्हटलं की ती आधी हातातली कात्री खाली ठेवायची आणि मग बोलायला सुरुवात करायची. कात्री खाली ठेवण्याइतकं भान तिला रागातही असे. बोलण्यात मात्र ती कुणाची भीडभाड ठेवायची नाही. नाटक कंपनीचा कपडेपट तिने एकतीस वर्षं सांभाळला. मी तिची भाची. इस्त्री माझ्याकडे आणि तिच्या शिव्या ऐकून घेणंही माझ्याकडेच.

कंपनीचं सगळ्यात चाललेलं नाटक एका म्हाताऱ्या सेनापतीचं होतं. ज्या राजासाठी तो जन्मभर लढला, तोच राजा त्याला गद्दार ठरवतो. तिसऱ्या अंकात सेनापतीला वेड लागतं आणि तो अंगावरचा झगा खांद्यापासून कमरेपर्यंत टराटरा फाडतो. त्या राज्यात वेड्याला फाशी देत नसत. त्यामुळे हे वेड खरं की जीव वाचवायला घेतलेलं सोंग, यावर प्रेक्षक घरी जाईपर्यंत भांडत. पेपरवाले तर वर्षानुवर्षं भांडले. आत्या म्हणायची, “अगं, उजव्या खांद्याला मी कच्चा टाका घालते. तो बरोब्बर तिथेच फाडतो. वेडा माणूस शिवण बघून फाडतो होय? सोंग आहे सोंग, चांगलं घोटून घेतलेलं.”

सेनापतीचं काम करणाऱ्या नटाला आम्ही सगळे सेनापतीच म्हणायचो. माणूस एकटा. थिएटरच्या मागच्या खोलीत राहायचा. भूमिका होती तोवर ती खोली त्याची, असा कंपनीचा करारच होता.

मग एका वर्षी सेनापतींचं काहीतरी बिघडलं. दुपारपासून पाच पाच वेळा कपडेपटाच्या दारात येऊन विचारायचे, “बाई, आज प्रयोग आहे ना?” चहात मीठ घालायचे आणि गोड लागला म्हणून कौतुक करायचे. एकदा तर भर तिसऱ्या अंकात पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना म्हणाले, “आपण जेवलात का?” प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. विंगेत मात्र व्यवस्थापकाने कपाळावर हात मारून घेतला. मनातून त्याला उकळ्या फुटत होत्या, कारण ही भूमिका त्याला त्याच्या मेहुण्याला द्यायची होती. मेहुणा दिसायला बरा होता. बोलायला लागला की संपलं.

नाटकात वेडा ठरला तर सेनापतीचा जीव वाचतो. बाहेर वेडा ठरला तर आमच्या सेनापतींचं छप्पर जाणार होतं.

आणि नेमका तेव्हाच झगा उजव्या खांद्याऐवजी डावीकडे फाटून आला. शिवणीवर नाही, चांगल्या धडधाकट कापडातून. पुढच्या प्रयोगाला पाठीवर. आत्या बराच वेळ तो झगा मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, “दार लाव.”

मी दार लावलं. तिने नवं कापड काढलं आणि त्याच्या उभ्या पट्ट्या कापल्या. मोजून बावीस. प्रत्येक पट्टी दुसरीला कच्च्या धावदोऱ्याने जोडली. आता हात कुठेही पडला तरी झगा टाक्यावरच उसवणार होता.

“आत्या, अगं हे खोटं आहे,” मी म्हटलं.

“मग खरं काय? त्या मेहुण्याचा अभिनय?” ती खेकसली. “सुई ओवून दे.”

महिन्याभरात व्यवस्थापकाने कंपनीच्या मालकीणबाईंना बोलावून आणलं. रंगमंचावरच टेबल मांडलं होतं. “बाईसाहेब, या माणसाचं भान सुटलंय. पूर्वी एकाच जागी फाडायचा, आता वाट्टेल तिथे ओरबाडतो. उद्या समोरच्या नटाला ओरबाडेल.”

आत्याने आदल्या दिवशीचा झगा टेबलावर धाडकन टाकला. “दाखवा कुठे कापड फाटलंय. एक धागा दाखवा. सगळं टाक्यावर उसवलंय. वेड लागलेला माणूस टाका शोधत बसतो का?”

मालकीणबाईंनी चष्मा लावला, टोकापासून टोकापर्यंत बघितलं. कापड कुठेच फाटलेलं नव्हतं.  मी इस्त्री हातात घेऊन खाली मान घालून उभी होते. 

सेनापतींची खोली वाचली. पण प्रत्येक प्रयोगानंतर बावीस पट्ट्या पुन्हा जोडायच्या म्हणजे तीन तास. आत्याच्या बोटाची चाळण झाली. सुजलेलं बोट शिवणाच्या अंगुस्तानात मावेना, म्हणून तिने चिंधी गुंडाळली. एका दुपारी सेनापती दारात उभे राहिले. नजर त्या चिंधीवर.

“बाई, किती वेळ लागतो हो याला?”

“तीन तास.”

“दर प्रयोगाला?”

“मग काय, झगा आपला आपण शिवून घेतो?”

त्यांनी ती चिंधी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, “आज प्रयोग आहे ना?” मी तोंड फिरवलं. मला रडूच आलं.

त्या संध्याकाळी मालकीणबाई पहिल्या रांगेत होत्या. तिसरा अंक आला. सेनापतींनी दोन्ही हात झग्याला घातले आणि थांबले. मग एकेक बटण सोडलं. झगा अलगद काढला, बाह्या आत घेऊन नीट घडी घातली. एक टाका तुटू दिला नाही. चालत विंगेपाशी आले, घडी आत्याच्या हातात दिली आणि परत जाऊन बनियनवर उरलेला प्रवेश केला. एक शब्द चुकला नाही. 

पडदा पडताच व्यवस्थापक नाचत आला. “बघितलंत बाईसाहेब? फाडायचंच विसरला! आता तरी पटलं?”

मालकीणबाई आत्याकडे वळल्या. “तुम्ही सांगा. काय आहे हे?”

आत्याच्या हातात कात्री नव्हती, नाहीतर ती खाली ठेवली असती.

“सांगते. झगा सगळा कच्चा आहे. मीच कापला, मीच जोडला, आणि तुमच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले. मला काढायचं असेल तर आत्ता काढा. त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, हे मला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. चहात मीठ घालतात. आज काय वार आहे ते सांगता येत नाही. पण माझे तीन तास त्यांच्या लक्षात राहिले.” तिने चिंधीचं बोट वर केलं. “एकतीस वर्षं इथे शिवतेय मी. तुम्ही शहाणी माणसं ना सगळी? एकाने तरी कधी विचारलंत, बाई, किती वेळ लागतो?”

 व्यवस्थापकाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर मालकीणबाईंनी त्याला हाताने गप्प केलं. त्या आत्याच्या बोटाकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “उद्या प्रयोग कितीला आहे?”

“सातला,” आत्या म्हणाली. “आणि सेनापती हेच.”

“हेच,” मालकीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याने मशीन पुढे ओढलं आणि बावीसच्या बावीस पट्ट्यांना दुहेरी टीप मारली. आता तिसऱ्या अंकात घडीच घालायची होती, आणि तो झगा बैलालाही फाटला नसता. शेवटची टीप चालू असताना सेनापतींनी दारातून डोकं आत घातलं.

“बाई, आज प्रयोग आहे ना?”

“आहे,” आत्या म्हणाली. त्या दिवशी सहाव्यांदा.