गिल्दार्दोचा मेंदू

"माझ्या भावाचं डोकं मी उघडू देणार नाही," मृत गिल्दार्दोच्या उशाशी बसलेली त्याची बहीण ओफेलिया म्हणाली.

"मी त्यांना धोतऱ्याचा चहा पाजला म्हणून त्यांना विसर पडला, असं गावभर तुम्हीच सांगितलंत ना, वन्सं?" नुबियाने विचारलं.

पंचेचाळिसाव्या वर्षी गिल्दार्दो घराची वाट विसरला होता. त्याचे वडील आणि आजोबाही असेच विसरत गेले होते, तरी चेटकीण ठरली ती त्याची बायको नुबिया. बारा वर्षं तिच्या हातची कॉफी गावात कुणी घेतली नाही.

"मेंदू आजच मेदेयीन शहरातल्या डॉक्टरांकडे तपासायला जाईल," नुबियाने घरातल्यांना सांगितलं. "धोतरा सापडतो की तुमच्या घराण्याचा रोग, ते लिहून येईल. त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला ते चर्चमध्ये वन्संच मोठ्याने वाचतील."