बर्फाला वाळू म्हणणारी माणसं

परदेशात राहणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. सुट्टीला गावी गेलं की कोणीतरी विचारतं, आपण सांगतो, आणि पुढच्या वर्षी तोच किस्सा वीतभर लांब होतो. माझे किस्से मात्र लांबत नाहीत, कारण लोक मला पहिल्याच वाक्याला थांबवतात.

परवाचंच घ्या. रियाधमध्ये आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं शुक्रवारी जमतो. एक बँकवाला मित्र म्हणाला, "सौदीत काय, एकच ऋतू. भट्टी." मी म्हटलं, लहानपणी मी याच देशात तीन दिवस बर्फाच्या वादळात काढलेत. त्यावर त्याची बायको अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "अगं, गारा असतील."

गारा! माझ्या पोटरीपर्यंत बर्फ होता. मी बघितलाय, त्यात पडलेय आणि थोडा खाल्लासुद्धा आहे. पण त्या वादळात खरा बर्फ नाकारणारी माणसं आमच्यातच निघाली होती, म्हणून हा विषय निघाला की माझं डोकं तापतं.

*

मी तिसरीत होते. बाबा उत्तरेला, तुरैफच्या पुढे एका प्लांटवर इंजिनिअर होते. आम्ही फॅमिली ब्लॉकमध्ये राहायचो. दोन किलोमीटरवर कामगारांचा कॅम्प होता. तिथे सगळे एकटे पुरुष, बरेचसे कोकणातले.

संक्रांत आली होती. बाबा कामासाठी जेद्दाला निघाले तेव्हा आईने बजावलं, "तिथल्या शराफियाच्या बाजारातून हळदीकुंकवाचं वाण आणा. काहीतरी उपयोगाचं बघा." बाबांनी अडीच डझन बर्फाचे ट्रे आणले. वर म्हणाले, "वाळवंटात याच्याइतकं उपयोगाचं काय असणार?"

दोनच दिवसांनी बर्फ पडायला लागला. आई खिडकीशी उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ते ट्रे बाहेर ठेवा. आयते भरून येतील."

*

आमचे ॲडमिन ऑफिसर म्हणजे सबनीस काका. माणूस पुण्याचा, टापटिपीचा आणि नियमाच्या एक इंच इकडे-तिकडे न होणारा. पहिल्या सकाळी त्यांच्या कंपनीच्या जीपची काच गोठली. काकांनी गिझरचं कडकडीत पाणी बादलीभर आणलं आणि काचेवर ओतलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

नुकसानीचा फॉर्म भरायचा होता. त्यात कारणं छापलेली होती: अपघात, चोरी, वाळूचं वादळ. काकांनी वाळूच्या वादळावर खूण केली.

बाबा म्हणाले, "अहो सबनीस, बाहेर बर्फ पडतोय."

"पडू दे. फॉर्ममध्ये बर्फ नाही."

फॉर्म त्याच तासाला रियाधच्या हेड ऑफिसला फॅक्स झाला.

*

आता संतापाचा भाग ऐका. आमच्या घरांमध्ये हीटर होते, कारण तिथे साहेब लोक राहायचे. कॅम्पमधल्या पत्र्याच्या केबिनमध्ये फक्त एसी, तोसुद्धा गार हवा देणारा. आणि स्टोअरमध्ये तीस कोरे हीटर खोक्यात पडून होते. बाबा म्हणाले, वाटून टाका. सबनीस काका म्हणाले, हेड ऑफिसची परवानगी लागेल.

परवानगी मागितली. उत्तर आलं: "तुमच्याच रिपोर्टप्रमाणे तिथे वाळूचं वादळ आहे. वाळूच्या वादळात हीटर कशाला?"

"मग कळवा त्यांना, फॉर्म चुकला म्हणून," बाबा म्हणाले.

काकांनी फॉर्मची प्रत फाईलला लावली. मग म्हणाले, "म्हणजे मी खोटं लिहिलं असं होईल."

इतकी वर्षं झाली, मला हे वाक्य अजून गिळता आलेलं नाही. तिकडे बावीस माणसं गारठलेली, आणि इकडे एका माणसाला आपल्या हस्ताक्षराची काळजी पडली होती.

*

तिसऱ्या दिवशी, ऐन हळदीकुंकवाच्या दिवशी, बाबा प्लांटच्या माती उपसणाऱ्या लोडरमध्ये बसून कॅम्पवर गेले. माणसांनी होते नव्हते ते सगळे कपडे एकावर एक चढवले होते. गुहागरचे सुर्वे मामा तापाने फणफणले होते. ते प्लांटचे एसी मेकॅनिक. तशातही बाबांना म्हणाले, "साहेब, जन्मभर लोकांना गार केलं. आता फेड चाललीय."

पण बाबा घाबरले ते दुसऱ्याच गोष्टीला. एका केबिनची दारंखिडक्या घट्ट लावून आत कोळशाची शेगडी पेटवलेली होती आणि भोवती सातआठ जण पेंगत होते. बाबांनी दार उघडलं, शेगडी लाथेने बाहेर उडवली आणि एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. "आजची रात्र ते तिथे काढू शकत नाहीत," म्हणाले. "मी गेलो की पुन्हा शेगडी पेटवतील. आणि उद्या उठणार नाहीत."

आई तिळाच्या वड्या ताटात लावत होती. "मग घेऊन या सगळ्यांना इथे. नाहीतरी माझं हळदीकुंकू आहेच."

"हळदीकुंकवाला पुरुष?"

"थंडी काय बायकांनाच वाजते?"

*

एक अडचण होती. फॅमिली ब्लॉकमध्ये एकट्या पुरुषांना यायला सक्त मनाई. फक्त तिथे राहणाऱ्यांचे जवळचे नातेवाईक आत येऊ शकत. तो नियम राखायला ब्लॉकच्या दारात कोण बसलं होतं, हे सांगायला नको.

दुपारी लोडरने रस्ता मोकळा केला आणि मागून बस आली. बावीस माणसं बर्फात रांगेने उभी राहिली. सुर्वे मामांना दोघांनी धरलं होतं. सबनीस काकांनी टेबलावर रजिस्टर उघडलं. रकाने तीन: नाव, इकामा म्हणजे राहण्याच्या परवान्याचा नंबर, नातं.

आई काळ्या साडीवर बाबांचं जॅकेट घालून खाली उतरली. मी तिच्या मागे.

"वहिनी, मला हे करता येणार नाही. नियम आहे. नातं असल्याशिवाय पुरुषमाणूस आत नाही," काका म्हणाले.

"मग लिहा ना नातं, भावजी. भाऊ."

"कोणाचे?"

"माझे."

"सगळे?"

"सगळे. आधी सुर्व्यांचं लिहा, त्यांना उभं राहवत नाही."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा बुटावरचा बर्फ झटकत होते. काकांनी मग नियमाकडे बघितलं. रकाना भरत होता, म्हणजे नियम पाळला जात होता. त्यांनी पेन उघडलं. सुर्वे, भाऊ. शिगवण, भाऊ. मुकादम, भाऊ. पेनातली शाई गोठत होती, ते मधूनमधून तोंडाची वाफ देत होते आणि लिहीत होते. एकवीस झाले.

रांगेच्या शेवटी मनिलाचा वेल्डर जोसेफ कुडकुडत उभा होता. काकांनी त्याचा इकामा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग मान वर करून ते आईला म्हणाले, "वहिनी, हा फिलिपिन्सचा आहे."

आईने जोसेफकडे नीट निरखून बघितलं.

"हा धाकटा," ती म्हणाली. "लिहा."