‘विथ’चा धडा

इंग्रजीतल्या ‘विथ’ या शब्दावर माझा जीव होता. हसू नका. कुणाचा मांजरावर असतो, कुणाचा पैठणीवर असतो, माझा या एवढ्याशा शब्दावर होता. बी.एड.च्या पहिल्याच सराव पाठाला तो माझ्या वाट्याला आला आणि पोरांनी माझी पार भंबेरी उडवली. मी फळ्यावर ऐटीत लिहिलं, ‘विथ म्हणजे सोबत.’ लगेच एक मुलगी उठली, ‘आय केम विथ सायकल.’ तिच्यामागून दुसरी, ‘माय सिस्टर इज मॅरीड विथ इंजिनिअर.’ दोन्ही चूक. पण का चूक, ते मला सांगता येईना. तास संपल्याची घंटा झाली म्हणून वाचले.

त्या दिवशी मागच्या बाकावर निरीक्षणाला माझी मैत्रीण बसली होती. बी.एड.ला तशी पद्धतच असते, एकीने पाठ घ्यायचा आणि दुसरीने मागे बसून उणंदुणं टिपायचं. ती मलकापूरची, रोज एसटीने यायची. पावसात गाड्या बंद झाल्या की आमच्या घरी मुक्काम. बाबा तिला ‘पोरी’ म्हणायचे आणि ताटात माझ्याआधी तिला वाढायचे. त्या संध्याकाळी मी रडकुंडीला आले होते, तर ती खारे शेंगदाणे खात म्हणाली, ‘त्यास्नी आधी मराठी इचार की. लग्न कुणाशी? भांडण कुणाशी? बोलणं कुणाशी? सगळीकडं ‘शी’च हाय. मग पोरं विथच म्हणणार, दुसरं काय म्हणतील?’

तिथून आमचा नाद सुरू झाला. बी.एड. संपलं, दोघी वेगवेगळ्या शाळांत तासिका तत्त्वावर लागलो, तरी रविवारी दुपारी ती आमच्याकडे येणारच. स्वयंपाकघरात मी शिकवायचे आणि ती वर्ग व्हायची. एकटीच अख्खा वर्ग. कधी मंद मुलगी, कधी आगाऊ, कधी मागच्या बाकावर डुलक्या काढणारी. ‘मॅडम, चमच्यानं खाल्लं तर विथ स्पून, मग एसटीनं आलो तर विथ एसटी का न्हाय?’ असलं काही विचारून मला घाम फोडायची. मग मी शोधायचे. हातात धरून वापरायची वस्तू असेल तर विथ, वाहन असेल तर बाय. थंडीने कुडकुडणं विथ. लाल रिबिनीची मुलगी, तीही विथच. आपल्याला ‘ने’, ‘शी’, ‘सह’, ‘ची’ असा गोतावळा लागतो, तिथे इंग्रज एकट्या विथवर संसार करतो. ‘मिसळ विथ ब्रेड’ हे माझं ठरलेलं उदाहरण, आमच्याकडे मिसळीला ब्रेडच लागतो. पाव म्हणणारा मुलगा पुण्याचा, असं सांगितलं की वर्ग हसायचा आणि पुढचा अर्धा तास माझा व्हायचा.

आणि सगळ्यात शेवटी मूळ. हा शब्द फार जुन्या इंग्रजीत ‘सोबत’ नव्हताच, त्याचा अर्थ होता ‘विरुद्ध’, ‘समोर’. ‘फाइट विथ’मध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे, ‘विदस्टँड’मध्येही आहे. हे मुलींना पटावं म्हणून मी तालमीचं उदाहरण घ्यायचे. पहाटे आखाड्यात जो जोडीदार अंगावर येतो, तो सोबत असतो की समोर? मुली जरा वेळ गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्यासाठीच मी शिकवत होते, असं म्हटलं तरी चालेल.

मग एका संस्थेच्या शाळेत इंग्रजीची कायम जागा निघाली. एकच. तासिकेवर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली होती आणि पुढच्या खेपेला मी वयाच्या अटीत बसणार नव्हते. म्हणजे ही नाही तर कुठलीच नाही. ती माझ्याहून लहान, तिला अजून वाव होता. तरी दोघींनी अर्ज केले, एकमेकींना सांगून केले. मुलाखतीत आवडीचा पाठ घ्यायचा होता. मी विथ घेणार हे वेगळं सांगायची गरजच नव्हती. ती पॅसिव्ह व्हॉइस घेणार होती. तिच्यासाठी मीही वर्ग झाले, मंद मुलगी झाले, डुलक्यासुद्धा काढल्या.

मुलाखतीच्या दिवशी तिला माझ्या आधी बोलावलं. माझा हात दाबून ती म्हणाली, ‘येतो गं.’ दार लागलं. आतून मध्येच हसण्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. तिचा पाठ रंगतोय म्हणून. बाहेर आली ती ओढणी सावरत, माझ्याकडे न बघता सरळ जिन्याकडे गेली. मला वाटलं, घाबरलीय बिचारी.

मी आत गेले, नमस्कार केला, फळ्याशी गेले. फळा नुकताच पुसलेला होता, ओला. मी ‘विथ’ लिहिलं आणि मिसळीपर्यंत आले, तोच मधल्या खुर्चीतले अध्यक्ष म्हणाले, ‘मॅडम, जरा थांबा. हेच आत्ता झालं की.’

मला कळेना. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘तुमच्या आधीच्या बाईंनी हाच पाठ घेतला. मिसळ, ब्रेड, तालीम, सगळं. तुमच्यातलं मूळ कुणाचं?’

असं विचारतात का हो कुणी? पण विचारलं. ‘माझं’ म्हणावं तर तिला चोर म्हटल्यासारखं होतं, आणि बाहेर माझी मैत्रीण उभी आहे असंच मी अजून धरून चालले होते. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत सांगितलं, ‘दुसरं काही घ्या.’ मी तिचा पॅसिव्ह व्हॉइस घेतला. खडू दोनदा मोडला. त्यांनी मधेच ‘ठीक आहे’ म्हणून मला मोकळं केलं.

खाली आले तर ती नव्हती. फोन बंद. मी वेड्यासारखी तिथल्या चहाच्या गाड्यावर बसून राहिले, कारण मुलाखत झाल्यावर तिथे चहा प्यायचा असं आमचं ठरलं होतं.

जागा तिला मिळाली. आणि ती पेढे घेऊन आमच्या घरी आली. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर दारातूनच हाकलून दिलं असतं. मी तिला आत घेतलं आणि विचारलं, ‘का केलंस?’

‘आत गेलो आन् सगळं इसरलो,’ ती म्हणाली. ‘पॅसिव्ह व्हॉइस पार डोक्यातनं गेलं. तोंडात त्येच आलं. खरं सांगतो.’

‘मिसळसुद्धा आपोआप आली?’

तेव्हा तिनं मान वर केली. ‘आन् त्यो धडा माझाबी हाय की. प्रश्न कुणाचं हुतं? मी इचारलं न्हाय तर तुला सुचलं असतं व्हय?’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यात जास्त राग याचा आला की त्यात तथ्य होतं. पण मग आधी सांगायचं होतंस! निम्मा धडा मागून घ्यायचा होतास, मी अख्खा दिला असता. हे मी मोठ्याने बोलले की मनात, आता आठवत नाही. शेजारच्या घरातल्या काकू खिडकीत आल्या होत्या, म्हणजे मोठ्यानेच असणार.

बाबा आतून आले. तरुणपणी त्यांनी तालमीची माती अंगाला लावलेली. ते शांतपणे म्हणाले, ‘एका तालमीतली दोन पोरं मैदानात एकमेकांवर सोडत न्हाईत. वस्तादच जोड लावू देत न्हाय. सरावात एकमेकाचं समदं म्हाईत झालेलं असतंय, म्हणून.’ मग त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उचलून तिच्या हातात ठेवला. ‘पावणं, एवढं माघारी न्या.’

पावणं. अनोळखी माणसाला म्हणतात तसं. तिचा चेहरा पडलेला मी पाहिला आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर आमचं बोलणं बंद. मी अजून तासिकेवरच आहे. विथ शिकवायची वेळ आली की पुस्तकातला परिच्छेद वाचून दाखवते आणि पुढे सरकते. मिसळीचं नाव काढत नाही.

परवा तिचा फोन आला. नंबर मी पुसून टाकला होता, पण पाठ होता. उचलला. तिकडून नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘अगं, वर्गातल्या एका पोरीनं इचारलं, जुन्या इंग्रजीत विथ म्हणजे विरुद्ध, तर मग सोबतला काय म्हणत हुते? मला काय सांगता आलं न्हाय.’

फोन ठेवायला हवा होता. पण प्रश्न चांगला होता. मी सांगत सुटले. सोबतसाठी तेव्हा ‘मिड’ असा वेगळा शब्द होता. विथ पसरत गेला, त्याने मिडची सगळी कामं बळकावली आणि मिड भाषेतून नाहीसा झाला. उरला फक्त ‘मिडवाइफ’मध्ये. बाळंतपणाच्या वेळी बाईच्या सोबत असणारी, म्हणजे सुईण. बोलताना माझा आवाज चढला होता, हात हवेत फिरत होते आणि ती मध्येमध्ये ‘व्हय?’ ‘आन् मग?’ करत होती. तिच्यासारखं ऐकणारं मला आजवर दुसरं कुणी भेटलेलं नाही.

सांगून संपलं. 

‘हे तुला मुलाखतीच्या आधी म्हाईत हुतं?’

‘हो. त्याच आठवड्यात सापडलं होतं.’

‘मग मला का न्हाय सांगितलंस?’ ती म्हणाली. तिचा आवाज खरोखर दुखावलेला होता. ‘माझ्यापासनं हातचं राखून ठेवलंस व्हय गं?’