बाबांच्या अंत्ययात्रेची रंगीत तालीम

आमच्या घरी दर रविवारी सकाळी बाबांच्या अंत्यविधीची तालीम असे.

बाबा लोणावळ्यात डॉक्टर. कॉलेजात असताना शेजारच्या चर्चमधलं गाणं ऐकून त्यांना समूहगीतं रचायचा नाद लागला, तो सुटला नाही. पुढे स्वतःच्या हृदयविकाराचं निदान स्वतःच केलं आणि औषधाआधी शोकगीत रचलं! "मी गेल्यावर रडायचं नाही. तीन सुरांत गायचं. एवढी एकच इच्छा आहे."

वरचा सूर आईचा, खालचा कान्हे गावच्या आबांचा (जुने पेशंट, भजनातला भारदस्त आवाज), मधला माझा. घरातली सगळी व्यवस्था माझ्याकडे, म्हणून हीही आली. तारा कुणाला करायच्या, चहा कोण बघणार, यादी तयार होती. सूर मात्र यादीत बसेना! दुसऱ्या ओळीतल्या गंधारावर मी हटकून आईच्या सुरात शिरे.

बाबा दवाखान्यातल्या टेबलावर हनुवटीपर्यंत चादर ओढून निजत. मी घसरले की ताडकन उठून बसत. "गंधार! मेलेल्या माणसाला तरी छळू नकोस!"

आबा म्हणत, "डाक्टर, तुमी पडून ऱ्हावा. मयत असं उठत न्हाई."

एका रविवारी दार लोटून एक पेशंट आला. टेबलावर डॉक्टर, भोवती गळा काढलेले आम्ही! तो बोंबलत बाजारात पळाला. बघता बघता अंगणात माणसं, हार, आणि एकाच्या खांद्यावर चक्क तिरडीचे बांबू!

"अहो, तालीम आहे ही!" आई ओरडली. (धक्क्यानं भ्रमिष्ट झाली बिचारी, अशी कुजबुज सुरू.)

बाबांना मात्र आयते श्रोते मिळाले. "थांबू नका. पहिल्यापासून!" ते चादरीतून पुटपुटले. आम्ही गायलो. दुसरी ओळ आली, मी घसरले, बाबा उठले. "गंधार!"

बांबूवाला जागीच कोसळला. (त्या दिवशी बाबांनी तपासलेला तेवढा एकच पेशंट.)

बांबू कुणी परत नेले नाहीत. आईनं त्यावर कपडे वाळत घातले. दिवाळीनंतर बाबा खरंच गेले, तेव्हा ओले कपडे उतरवून मीच ते बांबू काढून दिले.

मग आम्ही गायलो. माझा सूर त्या दिवशी अगदी सरळ चालला होता. दुसऱ्या ओळीला मी बाबांकडे पाहिलं आणि मुद्दाम गंधार चुकवला.

चादर हलली नाही. आबांचा आवाज फुटला, पण त्यांनी सूर सोडला नाही.

सुतक फिटल्यावर मी आईला सांगितलं, "मी मुद्दाम चुकले होते गं. वाटलं, उठतील."

आईनं हातातल्या कपड्याची घडी घातली. मग म्हणाली, "मुद्दाम? अगं, मला तर नेहमीसारखंच वाटलं!"