काकूंनी मोटर लावली त्या दिवशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तिला वाटतं, मला पेरू आवडत नाहीत.

शेवगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हातगुणाचा मला भारी गर्व. मेलेलं मशीन उठवतो, असं मीच सांगत फिरायचो. स्वतःची टिमकी स्वतःच वाजवायची, दुसरं काय?

तात्या जवळच्या वस्तीवरचे शेतकरी. त्यांच्या बायकोच्या — काकूंच्या — घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. त्याआधी आठवडाभर तात्यांनी त्यांचा आवाज कॉम्प्युटरवर भरून ठेवला होता. नातवंडांना मारलेल्या हाका, गाईशी बोलणं, तात्यांवर रागावणंसुद्धा. मग एक दिवस काकूंनी विहिरीची मोटर लावली, लाइटनं झटका खाल्ला आणि चालू कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा सुरूच होईना.

दोघं तो घेऊन माझ्याकडे आले. मी डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली. स्क्रीन माझ्याकडे होती. फायलींची नावं — दिसत होती. ऐकताय ना? सगळी दिसत होती.

नावं दिसतात पण फायली उघडत नाहीत, अशा वेळी आधी दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढायची, दुरुस्ती त्या नकलेवर करायची. मूळ डिस्कला हात लावायचा नाही. हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण मोकळी डिस्क नगरहून दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि मी आधीच बोलून बसलो होतो — चहा संपेपर्यंत देतो म्हणून. 'उद्या या' एवढं म्हणायला जीभ वळली नाही. दुरुस्तीचं बटण मी मूळ डिस्कवरच दाबलं.

स्क्रीनवर टक्क्यांचा आकडा सरकत होता. नावं एकेक करून नाहीशी होत होती, आणि मधेच थांबवायचीही भीती वाटत होती. शेवटी उरले निनावी तुकडे. एक लावून पाहिला — नुसती खरखर.

तात्यांनी विचारलं, काय झालं?

"लाइटच्या झटक्यानं आधीच सगळं गेलं होतं, तात्या."

ते काकूंकडे वळले. "मोटर तूच लावली हुती ना गं?"

काकूंनी खाली बघून होकारार्थी मान हलवली. त्यांना बोलता येत नव्हतं. मला येत होतं.

तेव्हापासून काकू मोटरीच्या बटणाला हात लावत नाहीत, असं तात्याच सांगतात. आणि मी खटपट केली म्हणून दर हंगामात पेरू पाठवतात. परवा काकू स्वतः पिशवी घेऊन आल्या, माझ्यापुढे हात जोडले. मी पिशवी घेतली.